‘कोरोनाने हॉकीचं काय बिघडवलं?’ असं विचारणाऱ्यांना उत्तर

दर २९ ऑगस्टला, राष्ट्रीय क्रीडा दिनाच्या शुभेच्छांच्या पाठोपाठ, एक मजकूर ठाणे-नवी मुंबईच्या ग्रुपांवर हमखास फिरतो. थोडक्यात तो असा: कोरोनाने महिला हॉकीचं काहीही बिघडवलं नाही, पुरावा टोकियो ऑलिंपिकमधला चौथा क्रमांक. घरी वेळच वेळ होता, खेळायचं होतं त्यांनी गच्चीवर सराव केला. जून २०२० पासून सगळं उघडलंच होतं. अमेरिकेत कॉलेजच्या मुली खेळत होत्या, आपणच घाबरट. तरुण पोरींना त्या आजाराने काय होणार होतं? आणि कॉलेजच्या ज्या मुलींनी स्टिक खाली ठेवली, त्या मोबाईलच्या नादाने. शेवटी तिरंगा, जोडलेले हात आणि ‘कटू पण सत्य’.

मी कॉलेजात असताना हॉकी खेळले. आता ऐरोलीला राहते आणि सुट्टीच्या दिवशी या पट्ट्यातल्या कॉलेजच्या मुलींना थोडंफार शिकवते. हा मजकूर पुढे ढकलणाऱ्यांत माझ्याबरोबर खेळलेल्याही आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

टोकियोपासून सुरुवात करू, कारण सगळा डोलारा त्यावरच उभा आहे. २ ऑगस्ट २०२१ ला गुरजित कौरच्या एकमेव गोलावर आपण ऑस्ट्रेलियाला घरी पाठवलं. ६ ऑगस्टला ब्रिटनकडून ३-४ हरलो, कांस्य हुकलं. चौथा क्रमांक शंभर टक्के खरा. पण टाळेबंदी लागली तेव्हा हा संघ कुठे होता? बेंगळुरूला, भारतीय क्रीडा प्राधिकरणाच्या (साई) केंद्रात. शिबिर आधीच चालू होतं, मुली तिथेच राहिल्या. एकाच आवारात राहणं, जेवण, टर्फ (कृत्रिम गवताचं मैदान), आणि प्रशिक्षक शोर्ड मरिन हाकेच्या अंतरावर.

तरीही बिघडायचं ते बिघडलंच. सामनेच नसल्यामुळे वर्ष कोरडं गेलं आणि २०२१ च्या सुरुवातीला जर्मनीत जाऊन आपण चारही सामने हरलो. एप्रिल २०२१ मध्ये मुली थोड्या दिवसांसाठी घरी जाऊन परतल्या, तर कर्णधार राणी रामपालसह सात जणी पॉझिटिव्ह. टोकियोतसुद्धा नेदरलँड्स, जर्मनी आणि ब्रिटनविरुद्धचे पहिले तीन सामने गेले. वंदना कटारियाचे वडील मे महिन्यात वारले आणि शिबिरातून तिला अंत्यदर्शनालाही जाता आलं नाही. ३१ जुलैला तिने दक्षिण आफ्रिकेवर तीन गोल चढवले. ऑलिंपिकमध्ये हॅटट्रिक करणारी ती पहिली भारतीय महिला. ‘काहीही बिघडलं नाही’ हे वाक्य तिच्यासमोर उच्चारायची कोणाची छाती आहे ते मला बघायचंय.

टोकियोवरून काही सिद्ध होत असेल तर एवढंच, की संघ एका जागी धरून ठेवला तर तो तगतो. आमच्याकडे नेमकं तेच झालं नाही. कॉलेजं बंद झाली त्या दिवशी एक मुलगी दिव्याला, एक घणसोलीला, दोघी कळव्याला, एक गावी साताऱ्याकडे, अशी पांगापांग झाली. राष्ट्रीय संघाची गोष्ट कॉलेजच्या संघाला लावणं म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं.

आता ‘जूनपासून सगळं उघडलं होतं’. हे वाक्य लिहिणाऱ्याने एक तर तेव्हा लोकलने प्रवास केला नसावा किंवा त्याच्याकडे अत्यावश्यक सेवेचं ओळखपत्र असावं. जूनमध्ये काय उघडलं ते बघा. १५ जून २०२० ला लोकल सुरू झाली ती फक्त अत्यावश्यक कर्मचाऱ्यांसाठी. जुलैत ठाणे आणि नवी मुंबई, दोन्ही महापालिकांनी पुन्हा कडक टाळेबंदी लावली, ती १९ तारखेपर्यंत लांबली. वाशीचं सिडको प्रदर्शन केंद्र तेव्हा कोविड रुग्णालय झालेलं, ठाण्यात बाळकुमला ग्लोबल हब.

५ ऑगस्टपासून राज्याने मैदानी खेळांना परवानगी दिली खरी. ती कोणत्या खेळांना होती? गोल्फ, नेमबाजी, जिम्नॅस्टिक्स, टेनिस, उघड्यावरचं बॅडमिंटन, मल्लखांब. आदेशातच म्हटलं होतं की सांघिक नसलेले खेळ. हॉकीत अकरा जणी लागतात. म्हणजे गोल्फ खेळणारे साहेब मैदानावर आणि आमच्या पोरी घरी, हे सरकारी कागदावरच होतं.

बरं, परवानगी मिळाली असती तरी टर्फपर्यंत जायचं कसं? या पट्ट्यातल्या मुलींची सवय चर्चगेटच्या महिंद्रा स्टेडियमची. कळव्याहून दादर, तिथे गाडी बदलून चर्चगेट, पहाटेची लोकल पकडून. २१ ऑक्टोबर २०२० ला सर्व महिलांना लोकलमध्ये प्रवेश मिळाला, त्याचं मोठं कौतुक झालं. वेळ होती सकाळी ११ ते दुपारी ३ आणि संध्याकाळी ७ नंतर. हॉकीचा सराव असतो सकाळी साडेसहा-सातला, नाहीतर चारनंतर. सकाळच्या सरावाला जायला गाडी नाही. संध्याकाळी चारच्या सरावाला तीनच्या आत गाडीत बसून जाता येईल, पण परतीची गाडी सातनंतर, म्हणजे खांद्यावर किट घेऊन घर गाठेपर्यंत नऊ, आणि दाराशी आई-बाबा उभे. १ फेब्रुवारी २०२१ पासून सगळ्यांना मुभा मिळाली, तीही पहिल्या लोकलपासून सातपर्यंत, मग दुपारी १२ ते ४, मग रात्री ९ नंतर. त्या वेळापत्रकात सकाळचा सराव बसवता आला असता, पण सराव संपल्यावर बारापर्यंत स्टेशनबाहेर बसून राहायचं. एप्रिलमध्ये दुसरी लाट आली आणि तेही संपलं.

पुढे १५ ऑगस्ट २०२१ ला लोकल सुरू झाली, दोन डोस घेऊन चौदा दिवस झालेल्यांना. इथे साधा हिशेब मांडा. १८ ते ४४ वयोगटाचं लसीकरण १ मेला सुरू झालं आणि लसच पुरेना म्हणून महाराष्ट्रात दोन आठवड्यांच्या आत थांबलं. एकोणीस वर्षांच्या मुलीला पहिला डोस मिळाला जूनच्या अखेरीस. कोविशील्डच्या दोन डोसांत तेव्हा किमान बारा आठवडे अंतर. म्हणजे दुसरा डोस सप्टेंबरच्या उत्तरार्धात, त्यावर चौदा दिवस. ऑक्टोबर उजाडला. अकरावी-बारावीच्या अठराखालच्या मुलींना तर लस मिळू लागली तीच ३ जानेवारी २०२२ पासून. कॉलेजं उघडली २० ऑक्टोबर २०२१ ला. त्याआधी फेब्रुवारीत निम्म्या उपस्थितीने वर्ग सुरू करायची घोषणा झाली होती, पण लगेच लाट आली. मार्च २०२० ते ऑक्टोबर २०२१. तीन वर्षांच्या पदवीतला हा निम्म्याहून जास्त काळ आहे.

गच्चीचा मुद्दा मला सगळ्यात जास्त झोंबतो, कारण त्यात थोडं तथ्य आहे. मुलींनी खरंच प्रयत्न केले. कळव्याच्या एका मुलीच्या इमारतीत सोसायटीने गच्चीला कुलूप घातलं होतं, घोळका होऊ नये म्हणून. ती जिन्याच्या मधल्या चौकात सराव करायची. हॉकीचा बॉल दीडशे ग्रॅमच्या वरचा, दगडासारखा कडक. लादीवर टाकला की खालच्या मजल्यावरून हाक येते. म्हणून तिने तो जुन्या मोज्यात घालून, गाठ मारून, त्यावर ड्रिबलिंग चालू ठेवलं. आवाज गेला, पण बॉलचा स्वभावही गेला. मोज्यातला बॉल घरंगळत नाही, सरकतो. टर्फवर पाणी मारलेलं असतं, तिथे बॉल सुसाट येतो आणि तो स्टिकवर मऊ हाताने झेलायचा असतो, ज्याला आम्ही ट्रॅप म्हणतो. हा ट्रॅप जिन्यात येत नाही. टर्फवर परतल्यावर पहिला महिना तिच्या स्टिकला लागून प्रत्येक बॉल उसळत होता.

ही झाली फॉरवर्डची गोष्ट. गोलकीपरने काय करायचं होतं? तिचं सगळं सामान, म्हणजे लेग-गार्ड, किकर, छातीचं पॅड, हेल्मेट, हातमोजे, हे कॉलेजचं असतं. स्वतःचा संच घेणं यातल्या बहुतेकींच्या घराला परवडत नाही. तो संच जिमखान्याच्या कपाटात, जिमखान्याला कुलूप, आणि किल्ली असलेले शिपाईकाका कोकणात. त्या कुलपावरून दोन पावसाळे गेले. ठाण्याचा पावसाळा म्हणजे बंद खोलीत चामड्याची चप्पलसुद्धा हिरवी होते. कपाट उघडलं तेव्हा लेग-गार्डच्या फोमला काळे ठिपके पडले होते, पट्ट्यांचं वेल्क्रो चिकटत नव्हतं, आणि हेल्मेटच्या आतल्या गादीला असा काही वास होता की आमच्या गोलीने ते घालायला साफ नकार दिला. उन्हात वाळवलं, डेटॉलने पुसलं, नाड्या बांधून काम भागवलं. दीड वर्ष जिच्या अंगावर एकही फटका आला नाही, तिला पहिल्या पेनल्टी कॉर्नरला, म्हणजे जवळून गोलवर येणाऱ्या फटक्याला, डोळे मिटून घेताना मी पाहिलंय. तिला दोष द्यायला माझी जीभ रेटत नाही. मजकूर लिहिणाऱ्याने तिला गच्चीवर कोणता सराव सुचवला असता?

आणि ‘घरी वेळच वेळ’ हा कोणाचा? बाबा-दादांचा असेल. सोसायट्यांनी कामवाल्या मावशींना गेटवर अडवलं, तेव्हा भांडी-लादी कोणाकडे आली ते सगळ्यांना ठाऊक आहे. आणि आमच्या संघात त्या मावशींच्याही मुली होत्या, त्यांच्या घरचा तर पगारच थांबला.

अमेरिकेचं उदाहरण देणाऱ्यांनी अर्धीच गोष्ट ऐकलेली दिसते. तिथल्या एनसीएए या कॉलेज क्रीडा संघटनेने १२ मार्च २०२० ला, म्हणजे आपल्या टाळेबंदीच्या जवळपास दोन आठवडे आधी, हिवाळी आणि वसंतातल्या सगळ्या अजिंक्यपद स्पर्धा रद्द केल्या. त्यात महिलांची आइस हॉकी होती, आणि तिची बाद फेरी त्याच आठवड्याच्या शेवटी सुरू व्हायची होती. पुढच्या हंगामात हार्वर्ड-येल ज्या आयव्ही लीगमध्ये खेळतात, तिने हिवाळी खेळच रद्द केले. आपण खेळतो ती मैदानी हॉकी शरद ऋतूतून उचलून २०२१ च्या वसंतात नेली गेली आणि नॉर्थ कॅरोलायनाने ती मे महिन्यात जिंकली. आइस हॉकी मार्च २०२१ मध्ये झाली, विस्कॉन्सिनने नॉर्थईस्टर्नला जादा वेळेत २-१ ने हरवलं. म्हणजे मुली खेळल्या, पण पुनःपुन्हा चाचण्या करून आणि कापलेल्या हंगामात.

शिवाय एक गोष्ट मजकुरात कधीच नसते. तिथे त्या हंगामातल्या खेळाडूंना कॉलेजकडून खेळायच्या पात्रतेचं एक वर्ष वाढवून दिलं. वाया गेलेलं वर्ष मोजायचंच नाही, असं ठरलं. आमच्याकडे २०१८ ला एफवायला आलेली मुलगी २०२१ ला ऑनलाइन पेपर देऊन बाहेर पडली. तिचं शेवटचं वर्ष, ज्यात ती कर्णधार व्हायची होती, मैदानावर उगवलंच नाही. तुलना करायचीच तर इथे करा.

तरुणांना धोका नव्हता? वयस्करांपेक्षा खूपच कमी होता, हे मान्य. पण दिव्याच्या वन रूम किचनमध्ये मुलगी, आजी आणि दम्याचे बाबा एकाच पंख्याखाली झोपतात. आणि बायो-बबलमध्ये ठेवलेल्यांचं काय झालं ते नवी मुंबईकरांनी जवळून पाहिलंय. जानेवारी २०२२ मध्ये महिला फुटबॉलचा आशिया चषक आपल्याकडे होता. नेरूळच्या डी. वाय. पाटील मैदानावर चायनीज तैपेईविरुद्धच्या सामन्याला आपल्याला तेरा जणीही उभ्या करता आल्या नाहीत, इतक्या खेळाडू बाधित. यजमान असून स्पर्धेतून बाहेर. यावर अधिक बोलायची गरज नाही.

राहता राहिला मोबाईल. घरात स्मार्टफोन एक, त्यावर धाकट्याची दहावी, हिची लेक्चर्स आणि वडिलांच्या कामाचे फोन. संध्याकाळच्या ऑनलाइन फिटनेसला अर्ध्या मुलींचा व्हिडिओ बंद असायचा, कारण डेटा संपलेला. नाद लागायला आधी फोन हातात यावा लागतो! माझ्या पाहण्यात ज्यांनी हॉकी सोडली, त्यांतल्या एकीने औषधांच्या दुकानात नोकरी धरली, कारण घरात तेवढाच पगार येत होता. एक ऐरोलीच्या कॉल सेंटरला रात्रपाळीला लागली. दोघींची लग्नं झाली. पन्नास माणसांत लग्न उरकतंय, हॉलचा आणि जेवणावळीचा खर्च वाचतोय, तर आत्ताच करून टाकू, असा हिशेब तेव्हा किती घरांत झाला ते आपापल्या नात्यात आठवून पाहा. त्यातली एक आमची पेनल्टी कॉर्नरला बॉल थांबवणारी होती.

बॉल थांबवायचं हे काम सिनियर ज्युनियरला शिकवते, हाताला हात लावून. २०२१ च्या ऑक्टोबरनंतर संघ जमवायला बसलो, तेव्हा एफवाय आणि एसवाय, दोन्हीकडच्या मुलींनी आंतरमहाविद्यालयीन सामना एकदाही खेळलेला नव्हता, आणि टीवायच्या ज्या होत्या त्यांनी तो जेमतेम एक हंगाम बेंचवरून पाहिलेला. अकरा भरेनात म्हणून फुटबॉल आणि खो-खोच्या मुली उसन्या घेतल्या. खो-खोच्या पोरींना वाकून धावायची सवय, त्यामुळे डिफेन्सला बऱ्या पडल्या. फक्त घाईत स्टिकच्या उलट्या बाजूने बॉल अडवायच्या आणि दर दोन मिनिटांनी समोरच्यांना फ्री हिट द्यायच्या.