सिबिल ‘साफ’ करणाऱ्याच्या हातात असतं काय?

‘सिबिल स्वतः नोंद बदलत नाही, तिकडे अर्ज करून काही होत नाही. रिपोर्ट सारखा उघडाल तर स्कोअर आणखी पडेल. पॅन, आधार आणि ओटीपी आमच्याकडे द्या. सात दिवसांत थकबाकी, सेटलमेंट, सगळं साफ.’ या धाटणीचे मेसेज व्हॉट्सअॅपवर फिरत असतात आणि चांगली शिकलेली माणसंही ते पुढे पाठवतात. सिबिल म्हणजे आपण कर्ज कसं फेडतो याचा रिपोर्ट ठेवणारी आणि त्यावरून स्कोअर, म्हणजे पत मोजणारा आकडा, काढणारी संस्था.

रिपोर्ट उघडल्याने स्कोअर पडतो, हे सरळ खोटं. आपला रिपोर्ट आपण कितीदाही पाहिला तरी स्कोअरला धक्का लागत नाही. एकामागून एक कर्जाचे अर्ज केले की बँका चौकशी करतात, त्या नोंदी मात्र मोजल्या जातात. उलट वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळणं हा २०१७ पासून आपला हक्क आहे, तोही अशा नोंदी ठेवणाऱ्या चारही कंपन्यांकडून: सिबिल, इक्विफॅक्स, एक्सपेरियन आणि सीआरआयएफ हाय मार्क.

होय, सिबिल ही कंपनी आहे, सरकारी खातं नव्हे. रिझर्व्ह बँकेच्या नियमांखाली ती चालते आणि बँका, फायनान्स कंपन्या पाठवतील ती माहिती ठेवते. कर्ज देणाऱ्याने दुजोरा दिल्याशिवाय ती नोंद बदलत नाही. मेसेजमधला हा एवढाच भाग खरा, आणि त्याच्याच आधाराने बाकीचं खपवलं जातं. अहो, सिबिलला जे स्वतःच्या मर्जीने बदलता येत नाही ते एजंट कुठून बदलणार? तो तुमच्या ओटीपीने तुमच्याच नावाने लॉगिन करतो आणि तुम्हाला फुकट भरता आला असता तोच तक्रारीचा फॉर्म भरतो. जाताना तुमची सगळी कर्जखाती, पत्ते आणि फोन नंबर त्याच्याकडे राहतात, ते वेगळंच.

‘अर्ज करून काही होत नाही’ हे वाक्य सगळ्यात जास्त नुकसान करतं, कारण ते ऐकून लोक अर्जच करत नाहीत. या कंपन्यांसाठीच्या २००५ च्या कायद्याखाली दुरुस्तीला ३० दिवसांची मुदत आहे. त्या मुदतीला धाक नव्हता, तो ऑक्टोबर २०२३ च्या रिझर्व्ह बँकेच्या आदेशाने आला. २६ एप्रिल २०२४ पासून, तक्रार ३० दिवसांत निकाली निघाली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई तक्रारदाराला द्यावी लागते. बँकेने सुधारित माहिती २१ दिवसांत पाठवली नाही तर भरपाई बँकेच्या माथी. बँकेने वेळेत पाठवूनही सिबिलसारखी कंपनी बसून राहिली तर कंपनीच्या. म्हणून तक्रारीची तारीख आणि क्रमांक जपून ठेवा, भरपाईसाठी बँक खात्याचा तपशीलही द्या. दुरुस्ती नाकारली तर कारण सांगणं बंधनकारक आहे. तेही पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. सप्टेंबर २०२२ पासून या कंपन्याही त्याच्या कक्षेत आहेत. तिथेही फी नाही.

अर्ज कुठे करायचा, हे चारही रिपोर्ट शेजारी ठेवले की बरंचसं कळतं. फेडलेलं कर्ज चारही ठिकाणी चालू दिसत असेल तर चूक बहुधा बँकेने पाठवलेल्या माहितीत आहे. मग नो ड्यूज (काही देणं बाकी नसल्याचा) दाखला आणि कर्जखात्याचा उतारा जोडून बँकेलाच लेखी द्या. एकाच रिपोर्टमध्ये दुसऱ्याच कुणाचं कर्ज तुमच्या नावावर चढलं असेल तर आधी त्या कंपनीकडे तक्रार करा.

राहिलं ‘सेटलमेंट साफ’. बँकेने थोडी रक्कम घेऊन बाकीची सोडून दिली असेल तर ‘सेटल्ड’ हा शेरा खरा आहे. खरी नोंद दुरुस्तीच्या अर्जाने जात नाही. सोडलेली रक्कम भरून बँकेकडून खातं ‘क्लोज्ड’ करून घेणं, हाच त्यावरचा मार्ग. पूर्ण पैसे भरूनही ‘सेटल्ड’ लागला असेल, तर ती चूक. तिथे भांडायलाच हवं.

हेच जामीनदारांचं. मेव्हण्याच्या ट्रॅक्टरच्या कर्जाला सही केलेली असते, हप्ते त्याने थकवलेले असतात आणि आपल्या रिपोर्टमध्ये ते कर्ज पाहून माणूस म्हणतो, ‘हे माझं नाहीच.’ सही खरी असेल तर ती नोंदही खरीच, आणि कुणाचाही अर्ज ती हलवू शकत नाही.