प्रतिक्रियेला उत्तर : कामिलो ओसियास अमेरिकेचे हस्तक होते का?

नमस्कार. सविस्तर प्रतिक्रियेबद्दल आभार. ओसियास हे अमेरिकी राजवटीतल्या फिलिपिन्सचे शिक्षणतज्ज्ञ आणि राजकारणी. त्यांच्याबद्दलचा तुमचा आक्षेप थोडक्यात असा : अमेरिकेच्या पैशावर शिकून ज्याने फिलिपिनी मुलांच्या हाती इंग्रजी पुस्तकं दिली, पुढे जपान्यांचीही चाकरी केली, त्याला राष्ट्रीय शिक्षणाचा पुरस्कर्ता म्हणणं म्हणजे निव्वळ गौरवगान. यातला जपानी काळाचा मुद्दा बिनतोड आहे. पुस्तकांबद्दलचं मात्र पटत नाही.

शाळांचं माध्यम इंग्रजी, हे अमेरिकी राजवटीच्या १९०१च्या कायदा क्रमांक ७४नेच ठरून गेलं होतं. ओसियास तेव्हा ला युनियन प्रांतातल्या बालाओआनचा अकरा वर्षांचा पोरगा. १९०५ला ते शिष्यवृत्तीवर अमेरिकेला गेले, आणि अशा ‘पेन्सियोनादों’ना परतल्यावर सरकारी नोकरी करावीच लागे. १९१७मध्ये ते शिक्षण खात्याचे सहायक संचालक झाले. त्याच्या वरची वाट बंद होती : फिलिपिन्सला जास्त स्वायत्तता देणाऱ्या १९१६च्या जोन्स कायद्यानंतरही शिक्षणाचं सचिवपद अमेरिकन उपगव्हर्नरकडेच राहिलं. माध्यम बदलायचा अधिकार त्यांच्या टेबलापर्यंत कधी आलाच नाही. १९२१ला ते मनिलाच्या नॅशनल युनिव्हर्सिटीचे अध्यक्ष म्हणून गेले.

हातात होता तो धड्यांमधला मजकूर, आणि तो त्यांनी बदलला. आधी वर्गात बाल्डविन यांची अमेरिकी वाचनमाला चाले. ज्या पोरांनी जन्मात बर्फ पाहिला नाही, ती सफरचंदं आणि बर्फाचे धडे घोकायची. ओसियास यांच्या सात भागांच्या ‘फिलिपीन रीडर्स’मध्ये देशी लोककथा आल्या, राष्ट्रनायक रिझाल आले, चित्रं फर्नांदो अमोरसोलो यांची. खरी अडचण पुढेच आहे. गोष्ट गावातली, पण भाषा घरात कोणी न बोलणारी. शाळांच्या १९२५च्या मन्रो पाहणीत मुलांचं इंग्रजी वाचन कच्चं निघालं, आणि बहुतेक मुलं चौथीच्या पुढे टिकत नव्हती. पुस्तक कितीही चांगलं असलं तरी ते दुखणं त्याने बरं होणारं नव्हतं. टीका करायचीच तर इथे करा.

‘हस्तक’ हा शब्द तर मुळीच बसत नाही. १९२९ ते १९३५ ते वॉशिंग्टनमध्ये रेसिडेंट कमिशनर, म्हणजे अमेरिकी संसदेतले फिलिपिन्सचे प्रतिनिधी, होते. प्रतिनिधिगृहात बोलता येई, मत देता येत नसे. जानेवारी १९३३मध्ये अध्यक्ष हूवर यांचा नकाराधिकार डावलून मंजूर झालेल्या हेअर-हॉज-कटिंग स्वातंत्र्य कायद्याच्या बाजूने ते ओस्मेन्या आणि रोहास या फिलिपिनी नेत्यांच्या गटात उभे राहिले. फिलिपिनी सिनेटचे अध्यक्ष केसोन विरोधात गेले, आणि ऑक्टोबरमध्ये फिलिपिनी विधिमंडळाने तो फेटाळला. अमेरिकी लष्करी तळांचं कलम सलत होतं हे खरं, पण श्रेय कोणाच्या पदरात पडणार हा हिशोबही त्यामागे होताच.

जपानी काळ : जपानी ताब्यातल्या फिलिपिन्सचे अध्यक्ष होसे लॉरेल यांच्या सरकारात ओसियास यांनी पद घेतलं, जपानधार्जिण्या ‘कालिबापी’ संघटनेतही ते वरच्या फळीत होते. १९४५मध्ये लॉरेल यांच्यासोबत ते जपानला गेले आणि जपानच्या शरणागतीनंतर टोकियोच्या सुगामो तुरुंगात पडले. याला सारवासारव नको. मतदारांनी मात्र १९४७मध्ये त्यांना सिनेटवर निवडून दिलं.

‘दोनदा सिनेटचे अध्यक्ष होऊन केलं काय?’ या तुमच्या प्रश्नाचं उत्तर तारखांतच आहे. १९५२ आणि १९५३, दोन्ही वेळा ती खुर्ची काही दिवसच टिकली. चोवीस जणांच्या सभागृहात दोन-तीन सदस्य फुटले की अध्यक्ष बदले.