बेवारस भोपळा

घरात बिननावाची भाजी आलेली चालत नाही. नाव कळलं की माणसं ताबडतोब ‘मला आवडत नाही’ म्हणून मोकळी होतात. नावच नसेल तर नकार नेमका कशाला द्यायचा ते कळत नाही, आणि मग सगळे उगीच एकमेकांवर खेकसत राहतात. आमच्याकडे हे वातावरण तयार झालं ते खताच्या ढिगातून वर आलेल्या एका वेलामुळे.

हा वेल कुणीही लावलेला नव्हता. भाज्यांची सालं, देठं, बिया ज्या कोपऱ्यात कुजायला टाकतो, तिथून तो स्वतःच्या जबाबदारीवर उगवला. ज्या टोमॅटोंना मी खत, पाणी, काठीचा आधार आणि चार गोड शब्द दिले ते माना टाकून बसले असताना हा पठ्ठ्या कुंपण चढून पलीकडे डोकावू लागला. मग त्याला एक फळ धरलं. फिकट पिवळा रंग, त्यावर कुणीतरी पुसता पुसता कंटाळून सोडून दिल्यासारखे हिरवे पट्टे. अर्ध्या अंगावर चामखिळी, उरलेलं अर्धं अंग गुळगुळीत. दोन फळांचं भांडण कोर्टाबाहेर मिटवल्यासारखं एकूण रूप.

ओळखपरेड सुरू झाली. सासूबाईंनी टिचकी मारली, वास घेतला आणि निकाल दिला, “कोहळा.” शेजारच्या काकूंना हातात घ्यायचीही गरज वाटली नाही. कुंपणापलीकडूनच त्या म्हणाल्या, “छे! दुधी आहे, उन्हानं फुगलाय. माझ्या जाऊबाईंकडे आलं होतं असलंच काहीतरी. त्यांचं कधी काय धड आलंय म्हणा!” नवऱ्याचं मत शास्त्रीय होतं: काकडी आणि भोपळा यांचा संकर. चिरंजीवांनी मोबाइलमधून मान वर न काढता “फेकून द्या” असा तोडगा सुचवला. झाडं ओळखणारं ॲपही वापरून पाहिलं. पहिल्या फोटोला ते कलिंगड म्हणालं, दुसऱ्याला काहीच म्हणालं नाही, आणि तिसऱ्या फोटोत नवऱ्याचा अंगठा आडवा आला होता, त्याला मात्र त्यानं पूर्ण खात्रीनं भोपळा म्हणून ओळखलं.

एकेक दावा निकालात काढणं मला भाग होतं. दुधीची फुलं पांढरी असतात आणि संध्याकाळी उमलतात. आमची पिवळीजर्द, सकाळी उमलून दुपारपर्यंत मलूल होणारी. जून कोहळ्याला हात लावला की तळहाताला पांढरी भुकटी लागते. इथे हात स्वच्छ. काकडी-भोपळ्याचा संकर होतच नाही, दोघं एकाच मोठ्या कुळातले असले तरी नातं फार लांबचं पडतं. हे सांगितल्यावर नवरा “असं तुला वाटतं” एवढंच बोलला. वादात हरलेल्या माणसाला हे वाक्य फार उपयोगी पडतं.

खरा पुरावा देठात असतो. भोपळ्यांच्या गोतावळ्याचे देठ ओळखपत्रासारखे बोलके. देठ गोल, जाड आणि बुचासारखा मऊसर असेल तर ती ‘मॅक्झिमा’ जात, अजस्र भोपळे याच जातीतले. टणक, पाच कंगोऱ्यांचा आणि फळाला चिकटतो तिथे पसरलेला असेल तर ‘मॉस्काटा’, म्हणजे बटरनट नावाच्या भोपळ्याची मंडळी. आणि टणक, पाच धारांचा, काटेरी, पण तळाशी फारसा न पसरणारा असेल तर ‘पेपो’. आमच्या देठानं माझ्या बोटात दोन कुसळं रुतवून आपण पेपो असल्याचं जाहीर केलं.

एवढ्यानं सुटलो असं नाही. या एकाच जातीत झुकिनी आहे, शिजल्यावर ज्याच्या गराचे तंतू सुटतात तो स्पॅगेटी स्क्वॉश आहे, कोरून आत दिवा लावायचे भोपळे आहेत आणि दिसायला देखणे पण खायला निरुपयोगी असे शोभेचे भोपळेही आहेत. प्रत्येक खानदानात असतंच असं कुणीतरी. शिवाय या सगळ्यांचं आपसात बिनबोभाट जमतं, आणि जमवून आणते मधमाशी. गंमत अशी की संकर झाला तरी त्या वर्षीच्या फळाला त्याची दाद ना फिर्याद. गर, साल, चव सगळं आईवर जातं. बापाचे गुण उघडे पडतात ते त्यातल्या बिया पुन्हा उगवल्यावर. म्हणजे आमच्या फळाच्या आईचं प्रकरण गेल्या वर्षीचं, भलत्याच बागेतलं. उघडकीला आलं ते आमच्या उकिरड्यावर.

जाड सालीचा भोपळा कोरड्या, हवेशीर जागी महिनोन्‌महिने टिकतो आणि आमच्या घरच्यांसारखे लोक याचा पुरेपूर फायदा घेतात. तो ओट्यावर जाऊन बसला. त्याला टेकवून फोन उभा केला जाऊ लागला. वीजबिल त्याच्याखाली दाबून ठेवलं गेलं. आणखी थोडे दिवस गेले असते तर पाहुण्यांना “हा आमचा थोरला” अशी ओळख करून द्यावी लागली असती.

शेवटी मी सुरी काढली आणि नेमक्या त्याच वेळी नवऱ्यानं वाचायला सुरुवात केली. भोपळ्याच्या कुळात कुकुर्बिटासिन नावाची कडू द्रव्यं असतात. बाजारातल्या वाणांतून ती पिढ्यान्‌पिढ्या निवड करून जवळपास काढून टाकली आहेत, पण शोभेच्या किंवा रानटी भोपळ्याशी संकर झाला की परत येऊ शकतात. शिजवून ती जात नाहीत. २०१५ साली जर्मनीत ७९ वर्षांचे एक गृहस्थ शेजाऱ्याच्या बागेतली कडू झुकिनी खाऊन दगावले. बायकोनं थोडीच खाल्ली होती, ती वाचली. हे वाचून झाल्यावर नवऱ्यानं चष्मा काढून माझ्याकडे जरा वेळ पाहिलं.

रानटी भोपळे इतके कडू असत की ते खाणं मॅस्टोडॉनसारख्या हत्तीएवढ्या जनावरांनाच परवडे. त्यांच्या हजारो वर्षं टिकून राहिलेल्या शेणात या बिया सापडल्या आहेत. “आपल्याकडे एक मॅस्टोडॉन आहे,” सासूबाई नातवाकडे पाहून म्हणाल्या, “पण तो फक्त बटाटा खातो.”

चव पाहायचा नियम सोपा आहे: कच्च्या गराचा नखाएवढा तुकडा जिभेला लावायचा, कडू लागला तर थुंकून चूळ भरायची आणि अख्खं फळ फेकायचं. अवघड प्रश्न जीभ कुणाची, हा. “तू लावलास, तू चाख,” नवरा म्हणाला. हा लावलेला नाही, आपोआप आलाय, हे मी पुन्हा सांगितलं. पण त्याआधी तो कापायला हवा होता. सुरी दोन बोटं आत गेली आणि अडकली. ओढली तर भोपळाही बरोबर आला. सुरीच्या टोकाला भोपळा लटकवून मी ओट्याशी उभी, आणि घरातले सगळे सुरक्षित अंतरावरून सूचना देतायत. अखेर सुरी सोडवली, साल चार ठिकाणी टोचून (न टोचता तापवला तर फुटू शकतो) त्याला काही मिनिटं मायक्रोवेव्हमध्ये बसवलं. बाहेर आला तो बराच नरमलेला.

दोन भाग झाले. जिभेची जबाबदारी माझ्यावरच आली. कडू नव्हता. गोडही नव्हता. खरं तर कसलीच चव नव्हती, पण ‘विष नाही’ या कसोटीवर ती फारच छान लागली.

बिया काढून, गराला तेल, मीठ, मिरपूड चोळून दोन्ही अर्धी भट्टीत २०० अंशांवर पाऊण तास ठेवली. काट्यानं खरवडायला गेले तर चामखिळींच्या बाजूचा गर सरळ तंतू होऊन सुटू लागला आणि गुळगुळीत बाजूचा लगदा झाला. आईबापांपैकी कुणीच माघार घेतली नव्हती. स्पॅगेटी स्क्वॉशचे तंतू फळाभोवती गोल फिरलेले असतात, म्हणून आडवा कापला की लांब निघतात. मी उभा कापला होता, तरी निघाले ते बघण्यासारखे होते. लसूण परतून त्यात टाकले. लगद्याचं सूप केलं.

चिरंजीवांनी नूडल्स समजून निम्मी वाटी संपवली आणि मग नाव विचारलं. मी सांगितलं नाही. सासूबाईंनी सूप प्यायल्यावर “कोहळ्याला अशीच चव असते” म्हणून विषय मिटवला. नवऱ्यानं बायकोनं किती खाल्लंय ते बघून मगच वाढून घेतलं.

बिया धुऊन वाळत घातल्या तेव्हा काकू कुंपणापाशी आल्या. मूठभर द्याल का म्हणाल्या. मी स्वच्छ सांगितलं: यातून हेच फळ येईल याचा भरवसा नाही, तंतू सुटतील न सुटतील, आणि एखादं कडूही निघू शकतं.

“कडू निघायची शक्यता साधारण किती?” काकूंनी फार आस्थेनं विचारलं.

“का हो?”

“काही नाही. जाऊबाईंना द्यायच्यात.”