थकवा म्हणजे आळस नव्हे

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या मोबाइलांवर एक मेसेज फिरतोय. त्याचं म्हणणं असं: सततचा थकवा हा आजार नसून आळस आहे. आपले आजोबा चार तास झोपून शेत कसायचे. रोज पहाटे चारलाच उठा, थकवा पळेल. झोप लागत नसेल तर लवकर अंथरुणावर पडा. नाहीच लागली तर एखादी गोळी किंवा थोडी 'घेतली' तरी चालते. बाकी मन खंबीर ठेवलं की बास. हे वाचून घरातल्या दमलेल्या माणसालाच बोल लावला जातो, म्हणून उत्तर द्यायला हवं.

आधी आजोबांचं. ते पहाटे उठायचे हे खरं. पण दिवेलागणीनंतर जेवून आठ-नवाला आडवे व्हायचे आणि दुपारी भाकरी खाऊन झाडाखाली डोळा लावायचे, हा हिशेब मेसेजात नाही. प्रौढ माणसाला रोज किमान सात तास झोप लागते. नऊला झोपून चारला उठणाऱ्याचं काहीच चुकत नाही. पण उसाच्या पंपाला थ्री-फेज रात्रीची येते, उद्यमबागेतल्या कारखान्यांत रातपाळ्या चालतात, शहापूर-वडगावात माग खडखडत असतात. बाराला पाठ टेकणाऱ्याला चारला उठवणं ही शिस्त कसली? ती झोपमोड आहे.

रातपाळीवाल्याचं दुखणं तर आणखी वेगळं. शरीराला स्वतःचं घड्याळ असतं. ते आतून कसं चालतं हे उलगडणाऱ्या तिघा शास्त्रज्ञांना २०१७ चं नोबेल मिळालं. हे घड्याळ उजेडावरून आपली वेळ लावून घेतं. सकाळच्या उन्हातून घरी आलं की शरीराला वाटतं दिवस उजाडला, मग झोप कशी लागणार? येताना काळा गॉगल लावा, खोलीत अंधार करा, झोपेची वेळ शक्यतो एकच ठेवा. चहा पाळीच्या पहिल्या अर्ध्यातच घ्या, कारण पाच-एक तासांनीही त्यातलं निम्मं कॅफीन अंगात असतं. आणि घरच्यांनी त्या वेळात हाका मारू नयेत, एवढं तरी करावं.

आता आळस. निपाणीत मांडीवर सूप घेऊन दिवसभर विड्या वळणारी बाई, जिची मजुरी वळलेल्या विड्यांवर ठरते आणि जी घरी जाऊन पुन्हा चूल पेटवते, तिला आळशी म्हणायची हिंमत कुणी करू नये. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्त कमी आढळलं. कर्नाटकात जवळपास निम्म्या स्त्रियांत. गरोदर नसलेल्या बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर त्याला रक्तक्षय म्हणतात. मग जिना चढताना धाप लागते, अंग मोडून येतं. पाळीत रक्त जास्त जात असेल तर तेही डॉक्टरांना सांगा, लाजू नका. लोहाची गोळी चहाबरोबर घेऊ नका, लोह नीट शोषलं जात नाही. आणि रात्री मिश्री लावणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं की तंबाखूतलं निकोटीन झोप उडवतं.

थायरॉईड मंदावला तरी थकवा येतो. माळकरी, शाकाहारी घरांत बी-१२ कमी असण्याची शक्यता जास्त. रात्री चार वेळा लघवीला उठावं लागत असेल तर साखर तपासा. जोरात घोरणाऱ्याचा श्वास कधीकधी मध्येच थांबतो, मग तो गुदमरल्यासारखा दचकतो, हे बहुतेक वेळा शेजारी झोपलेल्यालाच कळतं. असा माणूस आठ तास झोपूनही दिवसा पेंगतो. त्याने तपासणी होईपर्यंत रात्री हायवेला गाडी काढू नये.

दारूने डोळा लवकर लागतो, पण उत्तररात्री झोप तुटते आणि घोरणं वाढतं. अल्प्राझोलमसारख्या झोपेसाठी घेतल्या जाणाऱ्या गोळ्यांची सवय लागते, म्हाताऱ्या माणसांचा तोल जातो. शेजाऱ्याची गोळी मागून घेऊ नका. बरेच दिवस घेत असाल तर अचानक बंदही करू नका. डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी करा.

लवकर पडून राहण्याचा सल्ला तर उलटाच आहे. झोप नसताना तासन्‌तास पडलं की अंथरूण दिसताच जीव धास्तावतो. डोळे जड झाल्यावरच पडा. वीसेक मिनिटांत झोप नाही लागली तर उठून मंद उजेडात बसा, मोबाइल नको. उठायची वेळ मात्र रोज एकच ठेवा. मेसेजात तेवढं पटण्यासारखं आहे. आठवड्यातून तीन-चार रात्री, तीन महिने असंच चाललं तर डॉक्टरांकडे जा. अशा सवयी बदलण्याची रीतसर उपचारपद्धत आहे आणि गोळ्यांआधी तीच सुचवतात.

राहता राहिलं मन. पहाटेच जाग येणं, कशातच रस न वाटणं, सारखं रडू येणं, हे आठवड्यांमागून आठवडे चाललं तर तो नैराश्याचा आजार असू शकतो. नुसतं खंबीर राहून तो जात नाही. १४४१६ हा सरकारच्या टेलि-मानस सेवेचा मोफत क्रमांक रात्रीसुद्धा चालू असतो. जीव नकोसा वाटत असेल तर सकाळची वाट न पाहता तो लावा आणि घरातल्या कुणाला तरी उठवा.