‘समाधानी आहात का?’ हे नेमकं कोणत्या शिक्षकाला विचारताय?

माध्यमिक शिक्षकांच्या ‘नोकरीतील समाधाना’वर एमएडची पोरं दरवर्षी प्रश्नावल्या घेऊन शाळेत येतात. पूर्ण सहमत, सहमत, असहमत, टिक करा. मग सगळ्यांची सरासरी निघते आणि ‘समाधान मध्यम’ असा निष्कर्ष येतो. ही सरासरीच फसवी आहे.

विदर्भातल्या कुठल्याही तालुक्यातली खाजगी पाचवी ते दहावीची शाळा घ्या. स्टाफरूममध्ये एकाच टेबलाभोवती 2005 च्या नोव्हेंबरआधी लागलेले, जुन्या पेन्शनचे सर असतात. शेजारी त्यानंतर लागलेल्या, एनपीएसवाल्या, म्हणजे नव्या पेन्शन योजनेतल्या मॅडम. पलीकडे नोकरीत नवे लागलेले शिक्षणसेवक, पहिली तीन वर्षं 18000 रुपये मानधनावर. (2023 आधी हेच मानधन 8000 होतं, हे विसरू नका.) आणि कोपऱ्यात टप्पा अनुदानाच्या तुकडीवरचे सर, ज्यांना पगाराचा ठरावीक टक्काच मिळतो. नियमित शिक्षकाचं मूळ वेतन 38600 पासून सुरू होतं. टप्पा 40 टक्क्यांचा असेल तर हिशोब तुम्हीच करा. फळ्यावर मात्र चौघेही तेच प्रमेय शिकवतात. यांच्या उत्तरांची सरासरी काढून काय कळणार?

पण पगार हे अर्धंच दुखणं आहे. पूर्ण पगाराचा शिक्षकही कुरकुरतो, त्याचं कारण कॅलेंडरमध्ये आहे.

आपल्याकडे उन्हामुळे शाळा बाकी महाराष्ट्रापेक्षा साधारण आठवडाभर उशिरा उघडते. पूर्वेकडे धानपट्ट्यात जुलैत रोवणी लागते, पोरं बांधीत. इकडे वऱ्हाडात पोळ्यापर्यंत वर्ग बऱ्यापैकी भरतो, मग सोयाबीन काढणी, आणि दिवाळीनंतर कापसाची बोंडं फुटली की ‘सर, पोट्टं वेचाले गेलं’. वेचणीची मजुरी किलोवर असते, घरातले दोन हात जास्त लागतातच. त्यात दहावीचा पेपर आता फेब्रुवारीतच सुरू होतो. म्हणून गणिताचे जाणते शिक्षक पुस्तकाचा क्रम पाळत नाहीत. वर्गसमीकरणं, समरूपता, वर्तुळ ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये उरकतात. अर्थनियोजन, सांख्यिकी मागे ठेवतात, कारण चार दिवस बुडालेलं पोरगं ती प्रकरणं नंतर पकडू शकतं. वर्तुळाची प्रमेयं एकदा हुकली की हुकलीच.

आणि नेमके हेच दोन महिने आधार खातं.

संचमान्यता, म्हणजे शाळेला शिक्षकांची किती पदं मिळणार याचा हिशोब, 30 सप्टेंबरच्या पटावर होते, आणि पट धरला जातो तो आधार वैध असलेल्यांचा. दाखल-खारीज रजिस्टरला ‘वैष्णवी’, आधारवर ‘वैश्नवी’. किंवा जन्मतारीख सरसकट 1 जानेवारी. मुलगी बाकावर बसलेली दिसते, सरकारी पोर्टलवर नाही. त्यातच वयाच्या 15 व्या वर्षी बोटांचे ठसे आणि डोळे पुन्हा द्यावे लागतात, म्हणजे बरोबर नववी-दहावीत. बापाची एक दिवसाची मजुरी, तालुक्याला जाणं, केंद्रावर सर्व्हर बंद, पुन्हा दुसरी चक्कर. चार-दोन नावं अवैध राहिली की एखादं पद जातं. पद गेलं की सेवाज्येष्ठतेत खालचा शिक्षक अतिरिक्त होतो. यवतमाळसारख्या जिल्ह्यात समायोजन, म्हणजे अतिरिक्त शिक्षकाला दुसऱ्या शाळेत पाठवणं, म्हणजे पुसदचा माणूस वणीला. कागदावर जिल्हा तोच. मग वर्तुळ शिकवायचं की फोन लावत बसायचं? बहुतेक जण फोन लावतात, आणि त्यांना दोष देता येत नाही.

त्यावर 2020 च्या शासन निर्णयाने शिपायाची पदं रिकामी झाली की भत्त्यावर गेली, म्हणजे कायम माणसाऐवजी शाळेला ठरावीक भत्ता. घंटा, कुलूप, प्रयोगशाळेतल्या परीक्षानळ्या, सगळं आता कोणाकडे तरी ‘अतिरिक्त कार्यभार’ आहे. 1 सप्टेंबर 2025 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने नवी धास्ती घातली. आठवीपर्यंतच्या वर्गांना शिकवणाऱ्यांपैकी ज्यांची सेवा पाच वर्षांहून जास्त उरली आहे, त्यांना दोन वर्षांत टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, पास व्हावी लागणार. नववी-दहावीवाले सुटले. एकाच शाळेत भिंतीच्या अलीकडे धास्ती आणि पलीकडे सुस्कारा.

धोरण बदलेल तेव्हा बदलेल. मुख्याध्यापकाच्या हातात मात्र एक गोष्ट आहे, ती म्हणजे आधारचं काम जुलैतच संपवणं. शाळा उघडताच पहिल्या आठवड्यात रजिस्टर आणि आधार शेजारी ठेवून तफावतीची यादी काढा, वर्गशिक्षकाकडून नव्हे, एकाच माणसाकडून. वर्गवार वाटलं की प्रत्येकाची पद्धत वेगळी, आणि चुका सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात सापडतात. 15 पूर्ण केलेली पोरं यादीत वर घ्या. त्यांचं बायोमेट्रिक 17 व्या वर्षापर्यंत मोफत होतं, हे पालकांना आधीच सांगा. शिबिर शाळेतच लावायला तालुक्याला पत्र द्या, बाजाराचा दिवस टाळून. यादी करणाऱ्याच्या तासिका तेवढ्या महिन्यापुरत्या कमी करा आणि तसं वेळापत्रकात लेखी मांडा. तोंडी सवलत स्टाफरूममध्ये भांडणं लावते. आणि हे काम गणित-विज्ञानाच्या शिक्षकाला देऊ नका. त्याला कॉम्प्युटर येतो म्हणून सगळे त्याच्याच गळ्यात टाकतात, आणि ऑगस्टमध्ये दहावीचा वर्ग रिकामा बसतो.