‘बारा मुलाखती, की झाला प्रबंध’: हा सल्ला ऐकू नका

एम.ए.च्या मुलांमध्ये एक सल्ला हातोहात फिरतोय: ‘आकडेमोड जमत नाही? गुणात्मक संशोधन घ्या. आपल्याच माणसांशी बोलायचं, बारा मुलाखती पुरतात, थीम, म्हणजे वारंवार येणारे मुद्दे, सॉफ्टवेअर काढून देतं. अर्थ आपण लावायचा, तो चूक कोण ठरवणार? समाजशास्त्रज्ञ श्रीनिवासांनी तर अख्खं पुस्तक आठवणीवर लिहिलं.’ वडोदऱ्यातली आपली मराठी मुलंही यावर विसंबून विषय निवडताना दिसतात, म्हणून हे लिहितोय.

आधी बाराचा आकडा. गेस्ट, बन्स आणि जॉन्सन यांच्या २००६ च्या लेखाचा त्यासाठी नेहमी दाखला देतात. घाना आणि नायजेरियातल्या ६० स्त्रियांच्या मुलाखतींत बहुतेक मुद्दे पहिल्या बारांतच येऊन गेले होते. पण त्या स्त्रिया बऱ्याचशा सारख्या परिस्थितीतल्या होत्या आणि विषय आटोपशीर होता. लेखकांनीच ही मर्यादा सांगितली आहे. आता समजा, वडोदऱ्यातली मराठी कुटुंबं मुलांच्या शाळेचं माध्यम कसं ठरवतात, हा विषय घेतला. दांडिया बाजारातल्या ओळखीच्या काकूंनी बहिणीकडे पाठवलं, बहिणीने शेजारणीकडे. बारा भरल्या, पण सगळी घरं गायकवाडी काळापासून इथे असलेली. मकरपुऱ्याच्या कारखान्यांत नोकरीसाठी आलेलं एकही कुटुंब नाही. अशा तीस घेतल्या तरी अपुऱ्याच.

आपल्या माणसांशी बोलणं सोपं, हे तर मला सगळ्यांत घातक वाटतं. काकू म्हणतात, ‘तुला ठाऊकच आहे आपल्याकडे कसं असतं,’ आणि आपण मान डोलावतो. सांगायची गोष्ट तिथेच राहून जाते. ‘हो, पण तुमच्या घरी कसं झालं ते सांगा ना काकू,’ एवढं विचारून गप्प बसता आलं पाहिजे. त्याला सराव लागतो. म्हणून पहिली मुलाखत शब्दशः उतरवल्याशिवाय दुसरीला जाऊ नका. आपण कुठे मध्ये तोंड घातलं, ते कागदावरच दिसतं. तासाभराचं रेकॉर्डिंग उतरवायला चार-सहा तास सहज जातात. तो वेळ वेळापत्रकात आधीच धरा.

सॉफ्टवेअर आपण उताऱ्यांवर केलेल्या खुणा सांभाळतं, हवा तो उतारा चटकन काढून देतं. पण ‘शाळा जवळ होती’ हे खरं कारण की परक्याला सांगायचं कारण, हे सगळी मुलाखत वाचून तुम्हालाच ठरवावं लागतं.

राहिले एम. एन. श्रीनिवास. १९५१ साली इथल्याच महाराजा सयाजीराव विद्यापीठात येऊन त्यांनी समाजशास्त्र विभाग उभा केला. म्हैसूरकडच्या खेड्यात १९४८ मध्ये केलेल्या कामाच्या टिपणांवर ते अठरा वर्षं संस्कार करत होते. १९७० मध्ये स्टॅनफर्डच्या आगीत त्या टिपणांच्या तिन्ही प्रती जळाल्या, तेव्हा त्यांनी आठवणीवर लिहिलं आणि तसं वाचकांना उघड सांगितलं. त्यांचं नाव घेऊन टिपणंच न ठेवणं हा त्यांच्यावर अन्याय आहे.

आणि आपण लावलेला अर्थ चूक ठरू शकतो. कोणतं विधान कोणत्या मुलाखतीतल्या कोणत्या उताऱ्यावर उभं आहे, हे दाखवता आलं नाही की तो ढासळतो. विरोधात जाणारी मुलाखत गाळली असेल, तर व्हायव्हात, म्हणजे तोंडी परीक्षेत, पहिला प्रश्न तिच्यावरच यायला हवा.