पाव मैलाची फजिती

ड्रॅग स्ट्रिपवर, म्हणजे गाड्यांच्या सरळ शर्यतीच्या पट्ट्यावर, वळण नसते, एवढी एकच गोष्ट मला तिथे नेण्यास पुरेशी ठरली. वाहन चालवताना माझ्या हातून आजवर जी काही पापे घडली, ती सगळी वळणावर, चौकात किंवा पार्किंगमध्ये घडलेली आहेत. तेव्हा ज्या खेळात फक्त सरळ जायचे, तेही पाव मैल, म्हणजे १३२० फूट, म्हणजे जेमतेम ४०२ मीटर, त्यात माणूस चुकून चुकणार तरी काय, असा माझा प्रामाणिक समज होता. माझा भाचा गेली काही वर्षे अशा शर्यतींना जातो. त्याने माझा हा समज दूर करण्याचा जराही प्रयत्न केला नाही, कारण त्याला बहुधा एका प्रेक्षणीय मामाची गरज होती.

तिथे पोहोचल्यावर अर्ध्या तासात कळले की, फजिती होण्यासाठी वळण लागत नाही. गाडी हलावी लागते असेही नाही.

शर्यतीआधी प्रत्येक गाडीची तपासणी होते. बॅटरी घट्ट बसवलेली आहे का, कुठून तेल किंवा कूलंट गळते आहे का, चाकांवरच्या प्लास्टिकच्या टोप्या काढल्या आहेत का, हे तर पाहतातच. शिवाय गाडीत सुटे सामान अजिबात चालत नाही, कारण वेगात ब्रेक दाबला की मागच्या सीटखालची पाण्याची बाटली गडगडत पुढे येते आणि नेमकी पेडलखाली जाऊन बसते. तपासनिसाने माझी डिकी उघडली आणि क्षणभर तो काही बोललाच नाही. मग त्याने शांतपणे एकेक वस्तू बाहेर काढायला सांगितली. दोन छत्र्या, रद्दीचा गठ्ठा, मूठ उसवलेली बॅट, कोणाच्या तरी बारशाला द्यायचे राहून गेलेले खुळखुळ्यांचे खोके आणि बायकोची वर्षभर हरवलेली डाव्या पायाची चप्पल असा आमचा संसार रांगेतल्या सगळ्या स्पर्धकांदेखत जमिनीवर मांडला गेला. बॅटरीची पट्टी कधीच तुटली होती आणि तिच्या जागी मी सुतळी बांधली होती, तिच्याकडे पाहून तपासनीस म्हणाला, "गाठ मात्र चांगली मारली आहे हो." नवी पट्टी कोणाकडून तरी मागून आणून बसवेपर्यंत माझा नंबर पंधरा गाड्या मागे गेला.

त्यानंतर पाणी. सुरुवातीच्या रेषेच्या थोडे अलीकडे जमिनीवर मुद्दाम पाणी ओतून ठेवलेले असते. मोठ्या ताकदीच्या गाड्या त्यात मागची चाके भिजवतात आणि ती जागच्या जागी गरागरा फिरवून धूर काढतात. त्याने रबर तापते, टायर साफ होतो आणि पकड वाढते. हे सगळे मला भाच्याने सांगितले होते. त्याने जे सांगितले नाही ते असे की, हा विधी गुळगुळीत रबराच्या शर्यतीच्या टायरसाठी असतो. माझ्यासारख्या साध्या, खाचांच्या टायरवाल्याने त्या पाण्याला वळसा घालून पुढे यायचे असते, कारण खाचांमध्ये भरलेले पाणी टायर थेट सुरुवातीच्या रेषेपर्यंत घेऊन जातो आणि तिथे शिंपडतो. मी देवळात शिरण्यापूर्वी पाय धुवावेत तशा भक्तिभावाने पाण्यात शिरलो, मध्यभागी थांबलो, अॅक्सिलरेटर दाबला, आणि पुढच्या चाकांनी उडवलेला चिखलमिश्रित फवारा दोन्ही बाजूंच्या दारांवर घेतला. धूर निघाला नाही. 'चुंई' असा एक आवाज निघाला, तोही एकदाच.

तशाच ओल्या चाकांनी मी रेषेवर आलो, तर स्टार्टरने, म्हणजे शर्यत सोडणाऱ्या माणसाने, दोन्ही हात आडवे करून मला थांबवले. माझ्या गाडीखाली थेंब थेंब पडत होते. ड्रॅग स्ट्रिपवर गाडीखालचा थेंब म्हणजे गंभीर मामला. तेलाचा किंवा कूलंटचा एवढासा डाग पडला तरी पुढच्या गाडीचे चाक त्यावरून घसरू शकते, म्हणून तो पुसून निघेपर्यंत सगळा कार्यक्रम थांबतो. दोन माणसे धावत आली. एकाने टॉर्च घेऊन जमिनीला गाल लावला. दुसऱ्याने तर्जनीवर एक थेंब झेलला, अंगठ्याने चोळून पाहिला, नाकाशी नेला आणि सावकाश उभा राहून माझ्या काचेवर टकटक केली. मी काच खाली केली. आतला गार वारा त्याच्या चेहऱ्यावर गेला असावा.

"साहेब, एसी बंद करा."

हे त्याने हळू आवाजात सांगितले, यात त्याचा चांगुलपणा होता. समालोचकाकडे तो चांगुलपणा नव्हता, आणि त्याच्याकडे लाउडस्पीकर होता.

त्या पहिल्या धावेविषयी अधिक सांगण्यासारखे नाही. मीच आणलेल्या पाण्यावर माझीच चाके घसरली, पहिले ६० फूट जायला मला ३.२ सेकंद लागले आणि शेजारचा गडी कधी गेला ते मला दिसले नाही.

खरी विद्या दिव्यांची आहे. दोन लेनच्या मधोमध एक खांब असतो आणि त्यावर रंगीत दिव्यांच्या दोन उभ्या ओळी असतात. त्याला ख्रिसमस ट्री म्हणतात. १९६३ पर्यंत हे काम झेंडा घेतलेला माणूस करत असे. त्या काळाचा मला हेवा वाटतो, कारण झेंडेवाल्याशी भांडता येत असे. दिव्याशी भांडता येत नाही. सर्वांत वर छोटे दिवे असतात. गाडीचे पुढचे चाक प्रकाशाचा पहिला किरण अडवते तेव्हा प्री-स्टेजचा दिवा लागतो आणि दुसरा किरण अडवते तेव्हा स्टेजचा. या दोन किरणांत अंतर असते ७ इंच. ७ इंच म्हणजे किती, हे क्लचवर पाय ठेवून, पुढे न पाहता, बाजूच्या खांबाकडे बघत अजमावून पाहावे. मी पहिला दिवा लावला. दुसऱ्यासाठी क्लच केसभर सोडला, तेव्हा गाडीने उडी मारली, दोन्ही दिवे लावले आणि दोन्ही विझवले, म्हणजे मी किरण ओलांडून पलीकडे जाऊन उभा होतो. स्टार्टरने मागे येण्याची खूण केली. मी मागे आलो, जरा जास्तच आलो. पुन्हा पुढे गेलो, तर इंजिन बंद पडले. शेजारच्या लेनमधला स्पर्धक आपले दोन्ही दिवे लावून, हेल्मेटमधून सरळ समोर बघत, एखाद्या साधूसारखा बसून होता. या खेळात दुसऱ्याला ताटकळत ठेवणे असभ्य समजले जाते, हे मला नंतर कळले. त्याचे इंजिन तेवढ्यात तापले, हेही नंतरच कळले.

अखेर चारही दिवे लागले. मग खालचे तीन पिवळे दिवे अर्ध्या अर्ध्या सेकंदाने एकामागून एक लागतात आणि त्यानंतर अर्ध्या सेकंदाने हिरवा. जाणकार लोक हिरव्याची वाट पाहतच नाहीत. शेवटचा पिवळा दिसला की निघतात, कारण डोळ्यातून पायापर्यंत आणि पायातून चाकापर्यंत निरोप पोहोचायला जो वेळ लागतो, तेवढ्यात हिरवा लागतोच. मी मात्र तीस वर्षे रस्त्यावर इमानेइतबारे गाडी चालवलेला माणूस आहे. पहिला पिवळा दिसला आणि माझा पाय ब्रेकवर गेला. दुसऱ्या पिवळ्याला मी गिअर काढला. मग हिरवा लागला, आणि खोटे कशाला सांगू, मी आरशात पाहत मागच्याच्या हॉर्नची वाट पाहत राहिलो.

हॉर्न वाजला नाही. प्रेक्षकांत हशा पिकला, तेव्हा मी निघालो.

या खेळातली मौज अशी की, धावेचा वेळ हिरवा दिवा लागल्यापासून मोजत नाहीत, तर तुमचे चाक किरणातून बाहेर पडल्यापासून मोजतात. हिरव्यावर तुम्ही जेवून निघालात तरी ते घड्याळ बिचारे तुमच्यासाठी थांबून राहते. तुम्ही किती वेळ झोपला होतात, त्याची नोंद वेगळी होते. धाव संपल्यावर परतीच्या रस्त्यावर एक खिडकी लागते आणि तिथून कागदाची लांबट स्लिप मिळते. तीत दोन्ही लेनचे आकडे शेजारी शेजारी छापलेले असतात, म्हणजे स्वतःची तुलना करायला दुसरीकडे जावे लागत नाही. माझ्या रकान्यात सगळ्यात वर, रिअॅक्शन टाइमच्या, म्हणजे हिरव्यापासून निघेपर्यंतच्या वेळेच्या, पुढे २.८४६ लिहिले होते. शेजारच्याचा होता ०.११२. त्याने ११.९ सेकंदांत रेषा ओलांडली तेव्हा मी अजून अर्ध्या अंतराच्या खुणेपर्यंतही पोहोचलो नव्हतो. आयुष्यात माझा वेंधळेपणा अनेकांनी अनेक शब्दांत वर्णिला आहे, परंतु सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत मोजून, छापून, 'घ्या' म्हणत हातात कोणी दिला नव्हता.

दुपारी बाद फेरी होती. तिथे हळू गाडीवर अन्याय होऊ नये म्हणून प्रत्येकाने आपल्याला किती वेळ लागेल तो अंदाज आधी जाहीर करायचा असतो. त्याला डायल-इन म्हणतात आणि तो काचेवर पांढऱ्या बूट-पॉलिशने ठळक लिहितात. हळू गाडीला दोघांच्या अंदाजांतल्या फरकाएवढे आधी सुटायला मिळते. मात्र जाहीर केलेल्यापेक्षा लवकर पोहोचलात तर सहसा तुम्हीच बाद. धावण्याच्या खेळात वेगाने धावल्याबद्दल शिक्षा होते, हे मला अतिशय सुसंस्कृत वाटले. भाच्याने माझ्या काचेवर १८.१० लिहिले. शेजारी एक वयस्कर गृहस्थ एका त्याहून वयस्कर गाडीत बसले होते आणि त्यांच्या काचेवर २०.६० होते, म्हणजे त्यांना माझ्याआधी अडीच सेकंद सुटायचे होते.

सकाळच्या अनुभवानंतर मी निश्चय केला होता की, आता हिरवा दिसला की निघायचेच. चष्मा खिशातच राहून गेल्याचे हेल्मेट घातल्यावर लक्षात आले होते, पण खिशावर सीटबेल्ट होता आणि सीटबेल्टवर माझा उत्साह. पिवळे लागले. हिरवा लागला. मी सुटलो! क्लच झकास सुटला, गिअर लोण्यासारखे पडले, म्हातारबाबांना मी अर्ध्या वाटेपूर्वीच मागे टाकले आणि रेषा ओलांडताना काचेतून हात बाहेर काढून हलवला. परतीच्या रस्त्यावर कोणी टाळ्या वाजवत नव्हते. भाचा डोक्याला हात लावून उभा होता.

"मामा, तो हिरवा त्यांचा होता."

मी सुटलो तेव्हा माझ्या बाजूचा पहिला पिवळाही लागलेला नव्हता. स्लिपवर आकडा आला: उणे २.११३. खांबावर माझ्या बाजूला लाल दिवा लागला होता आणि मी निर्घृणपणे हरलेली शर्यत जिंकत गेलो होतो. संध्याकाळी मी भाच्याला दाखवून दिले की, दिवसभरातल्या या दोन्ही आकड्यांची सरासरी काढली तर ती सुमारे ०.३७ येते आणि नवशिक्याच्या मानाने ती मुळीच वाईट नाही. सरासरी धरत नाहीत, असे त्याने सांगितले.

म्हातारबाबा मला मुद्दाम भेटायला आले. त्यांनी जिंकल्याबद्दल क्षमा मागितल्यासारखे केले आणि आपल्या उमेदीच्या काळातली हकीकत सांगितली. त्यांनी एकदा धुराचा मोठा लोट काढला, रिव्हर्स टाकून दिमाखात रेषेवर परत आले, दोन्ही दिवे नीट लावले, अगदी अचूक वेळेला क्लच सोडला आणि पूर्ण ताकदीने मागे गेले. मागे उभा असलेला त्यांचा मेव्हणा वेळेवर बाजूला उडाला, पण पुढची दोन वर्षे तो घरी आला नाही. "त्या दिवशी दिव्यांचा अंदाज मात्र अचूक होता," ते म्हणाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर मला खरीखुरी हळहळ दिसली.

जमिनीवर मांडलेला संसार पुन्हा डिकीत भरून आम्ही परत निघालो. काचेवरचा १८.१० पुसायचा राहून गेला होता. पहिल्याच सिग्नलला एक स्कूटरवाला शेजारी येऊन थांबला, बराच वेळ त्या आकड्याकडे पाहत राहिला आणि मग वाकून त्याने विचारले, "गाडी विकायची आहे का? भावात काही कमी-जास्त होईल?"

मी त्याला डायल-इन म्हणजे काय ते सुरुवातीपासून समजावून सांगू लागलो. थोड्या वेळाने मागून हॉर्न वाजला. सिग्नल केव्हाच हिरवा झाला होता. मी घाईघाईने गिअर टाकून निघालो, तेव्हा भाचा मोबाईलच्या घड्याळातून डोके वर न काढता म्हणाला, "तीन पॉइंट चार."